तळघरातली नोंद

पहाटेचे दोन चाळीस. औलूच्या इस्पितळाची रक्तपेढी
तळघरातून उठून
कुठल्याशा परक्या यंत्रशाळेत राहायला गेली.
लोक त्याला क्लाउड म्हणतात;
वेयो म्हणतो, भाड्याची खोली.

वर रायलीनं ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या मागितल्या.
स्क्रीन क्षणभर कोरी.
खाली वेयोनं श्वास रोखला.
मग आकडा आला, पिशव्या निघाल्या.
तिला काहीच कळलं नाही.
हेच तर हवं होतं.

एकोणीस वर्षं घुमणारा सर्व्हर
त्यानं आपल्याच बोटानं बंद केला.
पाठीवर हात ठेवला : अजून ऊब.
भिंतीतल्या नळाचं पाणी
आज पहिल्यांदा ऐकू आलं.

मग सवयीनं वही काढली,
लिहिलं : तापमान अठरा.
कशाचं, ते लिहिलं नाही.