तबकडी

दिवसाला चौदा मीटर. हाकोदातेच्या वरच्या अंगाला,
उताराच्या त्या गल्ल्यांत,
जिथं बर्फ मार्चपर्यंत भिंतीला चिकटून बसतो
आणि शिडी टेकवायला सरळ जमीन मिळत नाही.
जुन्या मीटरमागे काय काय निघतं:
गांधीलमाशांचं रिकामं पोळं,
एकदा लग्नातली अंगठी. कुणाची,
ते त्या घरात कुणीच बोललं नाही.
शेवाळ तर नेहमीचंच.

अकरावं घर शिराहाताबाईंचं.
त्यांनी कागदावर शिक्का मारला, मग म्हणाल्या,
काढण्याआधी बघू द्या जरा.
चपला सरकवून बाहेर आल्या,
काचेआडच्या तबकडीसमोर उभ्या राहिल्या.
ती फिरत होती, सावकाश,
काठावरची काळी खूण यायची, जायची,
फ्रिजपुरती, घड्याळापुरती.

"ह्या चकतीनं आम्हाला फार छळलंय."

त्यांचे वडील माकुळांच्या होडीवर होते, मग नव्हते.
बुडाले नाहीत. आओमोरीच्या बोटीत बसले ते बसलेच.
मागे राहिली देणी
आणि वसुलीला येणारा वाकुई.
तो आधी दार वाजवायचा नाही.
मीटरपाशी उभा राहायचा.
तबकडी पळतेय म्हणजे घरात माणूस आहे,
कडी लावून बसलाय.

आईला त्याच्या बुटांखाली चुरडणारा बर्फ ओळखू यायचा.
खटका खाली.
दिवा गेला, रेडिओ गेला,
फ्रिजची घरघर अर्ध्यात तुटली.
आम्ही तिघं रजईत, खोकला उशीत कोंबून.
बाहेर तो, आत आम्ही,
आणि मधल्या भिंतीवर
काहीच न फिरणारी ती चकती.

एका रात्री आई तापानं फणफणलेली.
तिच्या पायांशी विजेची शेगडी, लालभडक.
पावलं ऐकली तेव्हा खटक्यापर्यंत
माझा हात पोचेना.
स्टूल ओढून आणेपर्यंत पावलं थांबली होती.
भिंगरीसारखी फिरत असणार तबकडी.
किती वेळ तो उभा होता, सांगता येत नाही,
आठव्या वर्षी वेळ कुठे मोजता येतो.
मग मोठ्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं,
म्हणाला, "घरात कोणी नाही!"
आणि उतारानं निघून गेला.

पुढल्या महिन्यात आला तो पुन्हा तसाच, दगड.
त्या रात्रीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही,
त्यानंही नाही, आईनंही नाही.

मी काय बोलणार. मी वीज तोडली.
पाच-सात मिनिटांचं काम.
आत फ्रिज गप्प झाला, आणि सहज मान वळवली तर
बाई श्वास रोखून उभ्या,
तळहात तोंडावर.
तबकडीची खूण काचेच्या मधोमध येऊन राहिली.
शेवटचा आकडा मी लिहून घेतला:
शून्य, सात, चार, एक, नऊ.

नवा मीटर वजनाला हलका. आत काही फिरत नाही.
"हा कुणाला सांगतो?"
कंपनीला, मी म्हणालो, दर अर्ध्या तासाला.
"कंपनीत कुणाला?"
तसं कुणाला नाही. आकडे जातात.
तुमच्या मुलीनं ठरवलं तर तिला फोनवर दिसेल,
आई उठली का, चहाचं पाणी ठेवलं का.
"आणि कधी त्याला वाटलंच,
तर तो म्हणेल का, घरात कोणी नाही?"

आमच्या प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.
मी स्क्रू आवळत राहिलो,
गरजेपेक्षा एक वेढा जास्तच.

वीज आली. फ्रिज दचकून सुरू झाला.
जुना मीटर पेटीत ठेवला, बाकीच्या दहांवर.
अजून तीन घरं राहिली होती.
शिडी खांद्यावर घेताना ऐकलं:
बाई भिंतीशी वाकल्या होत्या,
लुकलुकणाऱ्या हिरव्या ठिपक्याला,
नव्या शेजाऱ्याशी बोलावं तशा
किंचित चढ्या, किंचित संकोचलेल्या आवाजात
सांगत होत्या,
"आहे हं मी. घरातच आहे."