शेंडेफळ

आमच्याकडे उलटंच होतं.
ओढ्यापलीकडच्या ससेक्समध्ये बाप गेला की जमीन थोरल्याची,
अलीकडे, आमच्या जहागिरीत, धाकट्याची.
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
कारभारी हॅझलग्रोव्ह म्हणायचा, दप्तरात तसं आहे.

एकतीस एकर खडूमाती, दोन अक्रोड, एक डबकं.
अकरा वर्षं मी त्याचा वारस होतो.
ॲम्ब्रोस नांगर धरायचा, नॅथॅनिएल मेंढ्या कातरायचा,
आणि मी दातांनी कवच फोडत
त्यांच्या घामाचा धनी.
ॲम्ब्रोस कधी काही बोलला नाही.
फक्त आईला दिवस गेले की
जेवताना माझ्याकडे बघून हसायचा.
दोनदा मुली झाल्या.
दोनदा मी देवाचे आभार मानले, तेही मोठ्यानं.

मग फेब्रुवारीत बाप गेला.
जमीनदाराचा माणूस आला, रिवाजाप्रमाणे
गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर घेऊन गेला:
आमचा तांबडा बैल. तो मागे वळून बघत होता.
आणि आईला सातवा.

एप्रिलच्या त्या रात्री मी जिन्यात बसलो होतो.
दाराखालून उजेडाची चिंधी.
आणि मग एकदाच,
ओल्या बुचासारखा
एक आवाज.

तासाभरात सगळं संपलं.
आई तापात, तिला काही आठवेना.
सुईण डॉरकस सरायच्या माडीवर, बारा पंचांसमोर म्हणाली,
ओठ हलल्यासारखे वाटले म्हणून पाणी शिंपडलं,
सायलस नाव ठेवलं.
रडण्याचं मला विचारू नका, माझे दोन्ही कान गेलेत.

हॅझलग्रोव्हनं चष्मा पुसला.
मूल मेलेलंच जन्मलं असेल
तर जमीन बापाकडून गिडियनला.
जिवंत असेल, तर तासभर का होईना, ती त्याची झाली;
आणि भावाकडून भावाकडे जाताना
आपला रिवाज लागत नाही. मग देशाचा कायदा. मग थोरला.
रडलेलं कुणी ऐकलं का?

ॲम्ब्रोस बुटांना लागलेला खडू खरवडत होता.
त्यानं वर पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर, कोण जाणे.

मी म्हणालो, ऐकलं.

आता मी लुइसमध्ये खोगिरं शिवतो.
ॲम्ब्रोस दर ऑक्टोबरात अक्रोडांचं पोतं पाठवतो,
चिठ्ठी नसते, त्याला लिहिता येत नाही.
लोक विचारतात, पस्तावतोस का?
हो, भाडं भरायच्या दिवशी.

पण दप्तरात एक ओळ आहे, मी जाऊन पाहिली,
शाई तपकिरी झालीय:
सायलस टपेन, एकतीस एकरांचा धारक.
खाली तारीख.
पुढच्या ओळीत ॲम्ब्रोस.
माझं नाव शोधलं.
साक्षीदारांत आहे,
तेही चुकीचं लिहिलेलं.