कोरडा दिवस

जत तालुक्याच्या पूर्वेला, संखच्या पलीकडं
रस्ता जिथं मराठीतून हळूच कानडीत शिरतो
तिथल्या चार वस्त्या माझ्याकडं.
बॅटरी, खडू, औषधाची बाटली, रजिस्टर,
आणि जिल्ह्यावरून छापून आलेलं घोषवाक्य :
आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.

पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं
तेव्हा कट्ट्यावरचा भीमराया म्हणाला,
"साहेब, आम्ही सातही पाळतो की."
कट्टा हसला. मीही हसलो.
कागद घडी घालून खिशात ठेवला,
अजून तिथंच आहे.

टँकर इथं नवव्या दिवशी येतो.
तोवर पाणी बाळंतिणीसारखं जपायचं,
अंधारात, झाकून, वारा लागू न देता.
बॅरल, रांजण, रंगाचे डबे,
बंद पडलेल्या फ्रिजचं आडवं केलेलं पोट.
डासाला आठच दिवस पुरतात.
एका दिवसाचं हे गणित
मासिक बैठकीत मला कधी मांडता आलेलं नाही.

सुगलव्वाच्या निळ्या बॅरलवर बॅटरी धरली.
आधी काहीच नाही, नुसता माझाच चेहरा.
मग चेहऱ्यातून त्या निघाल्या,
उलट्या लोंबणाऱ्या, स्वल्पविरामांएवढ्या,
उजेड लागताच तळाकडं पळाल्या.
मी बॅरलच्या कडेला हात घातला.
"चेल्लब्याड," ती म्हणाली.
सांडू नको.
एवढं कानडी मला येतं.

शेजारचा इराप्पाचा पोरगा मिरजेला सिव्हिलमध्ये,
प्लेटलेट अठ्ठावीस हजार,
हेही सांगितलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं
आणि बॅरलला पाठ लावून उभी राहिली.
औषधाला वास येतो, शेळ्या तोंड लावत नाहीत.
गप्पी मासे मागच्या खेपेला दिले होते,
ते नातवानं बाटलीत घालून शाळेत नेले.

बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग तिनंच जुनं लुगडं आणलं, चौपदरी केलं.
मी बॅरल कलतं केलं, तिनं घागर धरली.
दीड तास, तांब्या तांब्या.
फडक्यावर राहिलं ते कोंबडीनं आवरलं.
आत वाकून तळ आणि कडा मीच घासल्या,
विटेच्या भुकटीनं, खांद्यापर्यंत हात.
तळचं गढूळ, दोन तांबे, कढीपत्त्याला.
एवढंच सांडलं.

रजिस्टरात रकाना आहे : रिकामी केलेली भांडी.
गाळलेली, असा नाही.
मी एक लिहिला. खोटा आहे का, सांगता येत नाही.
त्या दिवशी चौदा घरं राहिली.
पत्र आलं : उद्दिष्ट अपूर्ण का, खुलासा करावा.
तो मी अजून लिहितोय.

दाराशेजारी भिंतीवर खडूनं नोंद करावी लागते :
तारीख, भांडी सहा, दूषित तीन, सही.
दसऱ्याला सुगलव्वानं भिंतीला चुना दिला
तो माझा हातभर चौकोन सोडून.
तिला वाचता येत नाही.
पांढऱ्या भिंतीत ते मळकं ठिगळ,
आणि त्याच्या खाली कोळशाच्या रेघा,
टँकर गेल्यापासूनच्या.
मोजल्या. सात होत्या.
दोरीवर लुगडं वाळत होतं.