उरलेली पानं

सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात
नोव्हेंबरात वार्डोला सारखेच दिसतात.
दोन्ही काळे. खिडकीत बंदराचा एकच दिवा
आणि मी फ्रिज उघडून उभी.
घोळ होऊ नये म्हणून सकाळी टोचलं की निळा पेला पालथा घालते,
संध्याकाळी टोचलं की सुलटा.

बाटली जोरात हलवायची नाही, ओड्मुंड.
तळव्यांत धरून फिरवायची,
लोकरीचा धागा वळावा तशी, हळू.
दीड युनिट. बुडबुडा असेल तर टिचकी.
तुला काय सांगते आहे मी हे?
एकतीस वर्षं तू पोटाला टोचून घेतलंस
आणि एकतीस वर्षं नेमकी त्या वेळी
मी भांडी घासायला काढली,
घासलेलीसुद्धा.

सिल्ड तेरा वर्षांची. तुझी मांजर, माझी कधीच नव्हती.
उन्हाळ्यात ती पाण्याशी जाऊन बसायला लागली,
वाटी संपली की बादली,
बादलीनंतर न्हाणीघरातला गळका नळ.
मासे वाळवायच्या मांडवाखालून चवड्यांवर मिरवायची पूर्वी,
आता मागचे पाय टाचेपर्यंत टेकवत चालते,
फळीवरून उतरताना थांबून विचार करते.
समुद्राखालच्या बोगद्यातून तिला वाड्सोला नेली.
डॉक्टर युरुन अगदीच पोरसवदा.
तिनं आकडा सांगितला आणि मला हसू आलं.
ती गोंधळली.
म्हटलं, काही नाही गं,
हा पाहुणा आमच्याकडे राहून गेलाय.

ऑक्टोबरात सरकारनं घड्याळ तासभर मागे घेतलं.
मांजरीच्या रक्ताला सरकार कळत नाही.
रोज पाव तास सरकत सरकत
चौथ्या दिवशी आम्ही दोघी नॉर्वेत परतलो.

वही तुझीच वापरते. अर्धी कोरी होती.
तुझा शेवटचा आकडा, नऊ पूर्णांक चार, फेब्रुवारी,
शेजारी बोटाचा तेलकट डाग.
एक ओळ सोडून खाली: सिल्ड, एकवीस.
दुकानात नव्या वह्या मिळतात, माहीत आहे मला.

डिसेंबरात एका संध्याकाळी ती जेवली नाही आणि मी टोचलं.
चूक माझी. आधी खाणं, मग सुई,
युरुननं दोनदा बजावलं होतं.
पहाटे दोनला जिन्याखाली झोकांड्या खाताना सापडली,
डोळे उघडे, पण माझ्यापलीकडे कुठेतरी.
कानाच्या कडेवर थेंब. दोन पूर्णांक तीन.
मधाचं बोट हिरड्यांना. परत. परत.
हात माझ्याआधीच कामाला लागले होते.
तुझ्या ओठांत साखर कोंबताना मी ओरडायचे,
"मुद्दाम करतोस ना हे?"
तिला काही बोलले नाही.
तुझ्या स्वेटरात गुंडाळून मांडीवर धरून बसले.
युरुनला फोन लावला, तिनं झोपेतच पुढचं सगळं सांगितलं.
चार वाजता सिल्डनं माझा अंगठा कडकडून चावला
तेव्हा मी रडले.
त्याची नोंद वहीत नाही.

आज दर दोन तासांनी कान टोचायचा दिवस होता,
युरुनला आलेख हवाय.
आठ वाजता चौदा, दहाला अकरा.
बाराला तिला मांडीत घेतलं, कान चोळून गरम केला,
सुई टेकवली
आणि किल्ल्यावर तोफ उडाली.
विसरलेच होते मी. दोन महिन्यांनी सूर्याचा पुरता गोळा दिसला
की उडवतात, शाळेला सुट्टी.
सिल्ड स्टोव्हमागे. सुई माझ्या बोटात.
थेंब चांगला टपोरा आला होता,
पट्टी फुकट कशाला घालवायची?
यंत्र म्हणालं सहा पूर्णांक आठ.
मांजराच्या हिशेबानं मी ठणठणीत आहे.
लिहिलं तेही. बारा वाजता, तोर्गुन.

मग गुडघे टेकून स्टोव्हमागे हात घातला.
बाहेर पोरं बर्फावरून किंचाळत पळत होती,
फरशीवर हाताएवढं ऊन.
"ये गं," म्हटलं, "बाराचा आकडा तुझा अजून बाकी आहे."