शंभरातून येडू

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातून सात वजा करत जा.
अण्णा म्हणाले, सात म्हणजे आमच्यात येडू.
शंभरातून येडू गेला, तर शहाणे किती उरले?
बाई हसल्या नाहीत. सोलापुरात नवीन असाव्यात.
मग अण्णा तेलुगूतून उतरू लागले,
तोंभै मूडू, एनभै आरू,
कठडा धरून जिना उतरावा तसे,
आणि डेब्बैपाशी थांबले. पुढची पायरी दिसेना.

घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
पेन्सिल हवेत धरून त्यांनी विचारलं,
सकाळचे, की रातपाळीचे?
गोल चांगला आला. आत तीनच आकडे:
सात, तीन, अकरा.
भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली
हे त्यांना कुणी विचारलं नाही.

फॉर्म मी भरला.
दुडम अंबाजी राजय्या, वय बहात्तर,
काम: जेकार्डचे पुठ्ठे पंच करणे.
पुढे 'सवयी' असा रकाना, दीड ओळीचा.
दीड ओळीत काय मावणार?
तंबाखू लिहिली. चालणं लिहिलं, खोडलं.
आई गेल्यापासून टीव्ही, आवाज बंद करून, दिवसभर
हे लिहिलंच नाही.

ते शिकवायचे मला, लहानपणी:
भोक असलं की सुई आत जाते, धागा उठतो.
नसलं की धागा खाली.
बाकी चादर म्हणजे काय, एवढंच.
माळेतला एक पुठ्ठा फाटला
तर मोर होतो, पण मान नसलेला,
आणि दुरून कुणाला कळत नाही.

औषध एकच लिहून दिलं, रात्रीचं.
बाकी म्हणाल्या, माणसांत बसू द्या,
चालू द्या, खेळू द्या, नवं काही शिकू द्या.
फरक पडेल?
पडू शकतो. हमी नाही.
हमी नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं,
म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तर आता रोज साडेचारला
विडी घरकुलच्या चिंचेखाली मेंढीकोट.
मलकप्पा हिरोळे कानडीत शिव्या देतो,
दाऊदचाचा दखनीत उलट उत्तर करतात,
हात तेलुगूत मोजले जातात, भांडण मराठीत.
उन्हाने पत्रे तडतडतात, कुणी घरी जात नाही.
काल चौथा गडी लेकाकडे हैदराबादला गेला
आणि मलकप्पा म्हणाला, पोरी, बस.

मी बसले. मला एकाही माणसाचा नंबर पाठ नाही.
रात्री अंगठ्याने काच सरकवत
मी दोन वाजवते, आणि सकाळी विचारलं
तर पाहिलेलं एकही आठवत नाही.
माझ्या वयाला कुणी घड्याळ काढायला लावत नाही, एवढंच.
तिसऱ्या हाताला मी बदाम टाकलं.
अण्णा ओरडले, अगं, राणी मघाशीच गेली!
मेंढी कुणाकडे उरली, बघ की!
मला कुणाकडे काय ते माहीत नव्हतं.
त्यांना माहीत होतं. तिघांचं.

आम्ही हरलो. कोट बसला.
दाऊदचाचांनी माझ्याच पैशाने चहा मागवला.

परतताना वळणावर अण्णा थबकले.
डावीकडे, उजवीकडे. घर तसं समोरच.
आई जेवली का गं?
गेल्या आठवड्यात मी खरं सांगितलं होतं,
तेव्हा ते नव्याने रडले होते, पहिल्यांदाच कळल्यासारखे.
काल मी कोपर धरलं आणि विचारलं,
अण्णा, शेवटच्या डावात हुकूम काय होता?

इस्पिक, ते म्हणाले.
लगेच. जरा चिडूनच.