ओल्या चिंधीचं तापमान

मार्चमधलं ग्वायाकिल. दुपारचे तीन.
प्रसूतिगृहाच्या गच्चीवर डांबर चपला सोडत नाही.
खाली ग्वायास नदी भरतीच्या रेट्यानं उलटी निघालेली,
गेलेली जलपर्णी परत आणते आहे.

अनाक्लेतो दोन तापमापक गोफणीसारखे गरगरा फिरवतो.
एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला भिजवलेली चिंधी,
नातवाच्या जुन्या बंडीची.
"कोरडा म्हणतो तेहेतीस,
ओला म्हणतो अठ्ठावीस."
मी म्हणते, पुन्हा फिरव.
अठ्ठावीसच.

माझ्या वहीत साडेसव्वीस आहे,
विमानतळाच्या जुन्या कोष्टकातून उचललेलं.
त्या आकड्यावर कूलिंग टॉवर बेतला,
दरपत्रक मागवलं, बुस्तामांतेसाहेबांची सहीसुद्धा झाली.

दीड अंश. एवढ्याशानं काय होतं, ते विचारतील.

कसं सांगू?
की पाणी वरून पडतं, जाळीवर फुटतं,
स्वतःतलं चिमूटभर वाफेला देऊन टाकतं
आणि उरलेलं गार होतं.
पण कितीही पंखे लावा, कितीही उंच बांधा,
ओल्या चिंधीच्या खाली ते उतरत नाही.
नुसतं जवळ जातं.
आणि पैसे लागतात ते या जवळ जाण्याचेच:
तीन अंश अलीकडे थांबलात तर स्वस्तात सुटता,
दीडवर जायचं तर पत्रा, पंखा, मोटार, खालचे खांब, सगळं फुगतं,
आणि शेवटच्या अर्ध्या अंशाला
अख्ख्या शहराच्या गच्च्या पुरायच्या नाहीत.

अनाक्लेतो चिंधी सोडवतो, पिळत नाही.
"हा इथेच झाला, तिसऱ्या मजल्यावर," तो म्हणतो,
"जुना टॉवर बसला त्या आठवड्यात.
नर्सनी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या.
चार दिवस, इंजिनिएरा.
एक चादर वाळली नाही."

मग तो खाली जातो, पाणी प्यायला.

साडेसव्वीसवर मी रेघ मारते.
अठ्ठावीस लिहिते.
जिन्याकडे बघते, कोणी नाही,
आणि पुढे, बारीक अक्षरात,
अर्धा.
उद्या विचारलं तर म्हणेन, मोजलं तसं लिहिलं.
हे खोटं आहे.

कठड्यावर चिंधी तशीच पडली आहे,
उन्हात,
ओली.