बिनडोक

घरी आणली त्या संध्याकाळी
आई म्हणाली, हिचं डोकं कुठंय?
मी म्हटलं, हिला नसतंच.
मग बिनडोकच की, ती म्हणाली
आणि पोळ्या लाटायला वळली.
तेच नाव पडलं.

देवळाली कॅम्पातल्या डेन्झिलची ही.
तो डब्लिनला निघालेला,
एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवून बघत होता.
अठरा हजार, आणि वर एक उसवलेला पट्टा.
धड पाटाएवढं. मान तिथंच संपते
जिथं बाकीच्या गिटारींचा दिमाख सुरू होतो.
खुंट्या वर नाहीत, पार खाली, तळहाताशी;
कान पिळायचा तो पायाशी बसून.

शरणपूरहून शेअर रिक्षात बसते
तेव्हा ती माझ्या गुडघ्यांमध्ये मावते.
लोक विचारतात, बॅडमिंटन?
मी म्हणते, हो. कोर्टवरच चालले.

तारा पाच.
पंचवटीची म्हणून का, असं ड्रमवाला रूबेन
दर नव्या माणसासमोर विचारतो
आणि दरवेळी एकटाच हसतो.
पाचवी, कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी जाड,
कानाला सापडतच नाही.
आधी खिडकीची काच बोलते,
मग फळीवरचे स्टीलचे डबे,
मग खालच्या मजल्यावरचे निमसे सर.
ते फोनवर बोलतात.

भाद्रपदात तिच्याच खुंटीचे आटे गेले.
मुंबईचा दुकानदार म्हणाला, बाहेरून मागवावी लागेल,
अख्खा संच, दोन महिने, आणि जो आकडा बोलला
तो मी आईला सांगितला नाही.
अंबडला आहेर मामांच्या शेडमध्ये गेले.
वाद्य कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही.
व्हर्नियर लावला. हे काय ताणतं?
तार.
किती किलोनं?
पंधरा-सोळा.
मग पितळ चालेल.

लेथवरून पिवळी कुरळी साल उतरत गेली,
त्यांच्या चपलेवर, माझ्या ओढणीवर.
बोट घसरू नये म्हणून त्यांनी
इवल्याशा कडेवर चौकड्यांची नक्षी उठवली.
पैसे नकोत, वाजवून दाखव.
ॲम्प नव्हता. मी तिचं धड
हत्यारांच्या लोखंडी कपाटाला टेकवलं
आणि पाचवी छेडली.
वरच्या ताटलीतले नट सरकले.
मामा मान तिरकी करून ऐकत राहिले.
म्हणाले, फाउंडेशनचा बोल्ट ढिला असला
की मशीन असाच आवाज देतं.
मग म्हणाले, छान आहे.

जानेवारीत गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत वाजवलं.
हिरवळीवर दव, लोकांच्या हातात पेले, अंगावर शाली.
थंडीनं तारा चढत होत्या,
मी दर दोन गाण्यांनी पितळ थोडं सैल करत होते.
माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.
तिसऱ्या गाण्यात केबल निसटली, चार मात्रांपुरती,
आणि सगळ्यांनी एकदम वर बघितलं,
अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं.
काय गेलं ते कळलं नाही त्यांना.
मला कळलं. मी केबल खोचली, आणि
खरं सांगायचं तर जरा सावकाशच खोचली.

रस्त्यावर ढोल येतो तेव्हा मात्र
आम्ही दोघी गप्प.
आपल्या गावात त्याच्यापुढं खोल आवाजात बोलू नये.

रात्री निमसे सर झोपलेले असतात.
मी वायर लावत नाही, दिवा लावत नाही,
तिच्या वरच्या शिंगाला
जबड्याचं हाड टेकवते
आणि पाचवी सोडते.
आवाज खोलीत येतच नाही.
दातांतून चढतो, कानशिलामागून फिरतो,
टाळूखाली जाऊन बसतो,
तेवढा वेळ बिनडोकला डोकं असतं.
त्यात उद्याची शिफ्ट असते, बँकेचा हप्ता,
डेन्झिलचा न वाचलेला मेसेज,
आणि या सगळ्याखालून जाणारी ती एक जाड रेघ.

आईला हे काही सांगितलेलं नाही.
परवा सकाळी बघते तर
फळीवरच्या प्रत्येक डब्याखाली
जुन्या परकराची घडी.